कर्करोगाची पेशी, तिची भूक आणि आपले रक्षक

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्याची संधी चिटणिसांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषयही त्यांनीच दिला. न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे जे अर्ज येतात त्यांत कर्करोगाचे अर्ज बरेच असतात, आणि अर्ज देऊन झाल्यावर नातेवाईक जाता जाता दाराशी थांबून एक प्रश्न हमखास विचारतात : "साखर बंद केली म्हणजे कॅन्सर उपाशी मरतो म्हणतात, ते खरे का?" चिटणीस पडले हिशेबनीस. त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे पाठविला, कारण मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकविले आहे. मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. पण तेवढेच ऐकून आपण घरी गेलात, तर उद्या दुसरा कोणी अधिक ठासून "होय" म्हणेल आणि आपण त्याचे ऐकाल. शिवाय हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे, ती शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये सापडली, आणि तिथून सुरुवात केल्यावाचून गत्यंतर नाही.

ऑटो वारबुर्ग नावाचे एक शास्त्रज्ञ बर्लिनजवळ डालेम येथे काम करीत असत. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप घेतले, ते ग्लुकोजच्या पाण्यात ठेवले, आणि ते किती प्राणवायू घेतात व काय बाहेर टाकतात हे मोजले. आपल्या शरीरातील पेशी सामान्यतः ग्लुकोज प्राणवायूच्या साहाय्याने पुरते जाळतात. एका कणामागे तीसच्या आसपास शक्तीची नाणी हाती येतात असे समजा. प्राणवायू नसला म्हणजे पेशी ते अर्धवटच मोडते, दोनच नाणी मिळतात, आणि उरलेला भाग दुग्धाम्ल, म्हणजे लॅक्टिक आम्ल, होऊन बाहेर पडतो. जिना धावत चढल्यावर आपले स्नायू काही काळ असेच करतात. वारबुर्गना नवल वाटले ते याचे की, गाठीच्या पेशी प्राणवायू भरपूर असतानाही हाच तोट्याचा व्यवहार करीत होत्या. ग्लुकोज भराभर ओढावयाचे, अर्धवट वापरावयाचे, आणि आम्ल बाहेर ओतावयाचे.

बडोदेकरांना ही क्रिया परकी नाही. १९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी येथे अलेंबिकचा कारखाना काढला, त्याच्या सुरुवातीच्या मालात मद्यार्क होता, आणि मद्यार्क म्हणजे यीस्टने साखर अर्धवट मोडल्यावर जे उरते ते. आपल्या घरी रात्री विरजण लावतात तेव्हा जीवाणू दुधातील साखर अशीच अर्धवट मोडतात आणि दुग्धाम्लाने दूध थिजते. (कृपा करून उद्यापासून दही बंद करू नका. दह्याने कर्करोग होत नाही, आणि त्यातील आम्लाचा गाठीशी काही संबंध नाही.)

काचेच्या पात्रात पेशी वाढविण्याची विद्या ज्यांनी आपल्या देशात रुजविली त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव मानाने घेतले जाते. पुण्याच्या समर्थ घराण्यातील ही कन्या. जन्म १९१७. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळविली, नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकल्या, आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ती प्रयोगशाळा उभी केली. मी विद्यार्थी असताना मुंबईतील एका प्रयोगशाळेत अशी पात्रे प्रथम पाहिली. पेशींना जे पोषक द्रव घालतात त्यात एक रंग मिसळलेला असतो. द्रव ताजे असताना ते गुलाबी असते, आम्ल वाढले की पिवळे पडते. सायंकाळी गुलाबी ठेवलेले कर्कपेशींचे पात्र सकाळी पिवळे झालेले मी पाहिले आणि वारबुर्ग मला पुस्तकाबाहेर भेटले.

जिवंत प्राण्यातही असेच घडते, याचा सुरेख पुरावा १९२५ साली कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने दिला. त्यांनी अशी कोंबडी घेतली की जिच्या एका पंखावर गाठ होती आणि दुसरा पंख निरोगी होता. दोन्ही पंखांतून परत येणारे रक्त त्यांनी तपासले. गाठीच्या बाजूच्या रक्तात साखर कमी आणि दुग्धाम्ल अधिक आढळले. आजचे पेट स्कॅन याच ज्ञानावर उभे आहे. रुग्णाला उपाशी ठेवून किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात, आणि पुष्कळशा गाठी ते अधाशीपणे ओढून घेत असल्यामुळे चित्रात उजळून दिसतात. ते चित्र डॉक्टरांनी उजेडासमोर धरले की घरच्यांच्या मनात तो समज कायमचा बसतो. "बघा, साखर कशी खातोय!"

माझ्याही मनात तो बसला होता. हे मी जाहीरपणे कधी बोललो नाही, आज बोलतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पुढे केमोथेरपीच्या फेऱ्या ठरल्या. घरात मी शिकलेला, त्यातही जीवरसायनाचा अध्यापक. कोणी एका हितचिंतकाने साखरेची गोष्ट काढली, आणि मी ती थट्टेवारी नेण्याऐवजी वारबुर्गचा दाखला देऊन उचलून धरली. एका कागदावर यादी केली : साखर नाही, गूळ नाही, भात नाही, केळे-आंबा नाही, बटाटा नाही. तो कागद दांडिया बाजारातील आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटविला गेला. वहिनींना आधीच अन्नावर वासना नव्हती. जे दोन घास गोड लागत तेही गेले. तिसऱ्या फेरीच्या वेळी त्यांचे वजन इतके उतरले होते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या की डॉक्टरांनी औषध पुढे ढकलले. "यांना खायला काय देता?" असे त्यांनी विचारले, आणि भावाने तो कागद खिशातून काढून दाखविला. डॉक्टरांनी तो वाचून फक्त घडी घातली. परतताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, अक्षर तुमचंच आहे ना?" रागाने नव्हे. त्या कधी रागावत नसत. पांढऱ्या पेशी औषधानेही उतरतात, सगळे यादीने झाले असे मी म्हणणार नाही, पण उरलेली झीज भरून काढण्याचे साधन मीच त्या घरातून काढून घेतले होते.

माझी चूक कुठे झाली? वारबुर्गचे निरीक्षण बरोबर होते. निष्कर्ष माझा चुकला, आणि तोही प्राथमिक रसायनात. प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून फार तर चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम, साखर असते, आणि शरीर ती प्राणपणाने तेवढीच राखते, कारण मेंदूला ती हवी. ताटातली साखर थांबली की यकृत ती घरीच तयार करू लागते. कशापासून? साठा संपल्यावर मुख्यतः स्नायूंच्या मांसापासून. गाठीने बाहेर टाकलेले दुग्धाम्लही यकृत परत ग्लुकोजमध्ये बदलते, आणि त्यासाठी शरीराची शक्ती खर्च होते. हे चक्रही त्याच कोरी दांपत्याने शोधले. म्हणजे मी वहिनींचा भात बंद केला तेव्हा गाठीचे ताट रिकामे झाले नाही, वहिनींचे दंड मात्र बारीक झाले.

आता विषयाचा दुसरा भाग. हा चाळीस वर्षांपूर्वी मला ठाऊक नव्हता, कारण तो फारसा कोणालाच ठाऊक नव्हता.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे रक्षक फिरत असतात. बिघडलेली पेशी ओळखून तिला मारणे हे त्यांतील काहींचे काम. एरवी ही पेशी मितव्ययी असते. पण शत्रू ओळखला, लढावयाचे ठरले, की तिला एकीच्या हजारो व्हावयाचे असते, शस्त्रे घडवावयाची असतात, आणि त्या घाईत ती काय करते? ग्लुकोज भराभर ओढते, अर्धवट वापरते, आणि दुग्धाम्ल बाहेर टाकते. वारबुर्गना गाठीत जे दिसले तेच! तो व्यवहार दुष्टपणाची खूण नसून भराभर वाढणाऱ्या पेशीची रीत आहे, कारण अर्धवट मोडलेल्या साखरेचे तुकडे नव्या पेशीच्या बांधकामाला उपयोगी पडतात. जाता जाता हेही सांगावयास हवे की, कर्कपेशींचे श्वसन बिघडल्यामुळेच कर्करोग होतो, हा वारबुर्गचा सिद्धांत पुढे टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींचे श्वसन शाबूत असते. त्यांना १९३१ साली नोबेल मिळाले ते श्वसनाच्या किण्वकासाठी, कर्करोगासाठी नव्हे, हे त्यांचे भक्त पुष्कळदा विसरतात.

तेव्हा रक्षक आणि चोर एकाच परातीत जेवावयास बसले आहेत, असे समजा. आणि ती परातही कशी? गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, वाकड्यातिकड्या, कुठे गळक्या तर कुठे बंद. त्यामुळे आत प्राणवायू कमी, साखर कमी. टाकलेले आम्ल वाहून न्यावयास वाट नाही, ते साचते. अशा जागी टी-पेशी येते. तिला ग्लुकोज मिळत नाही, आणि भोवती आम्ल इतके दाटलेले की तिला स्वतःचे दुग्धाम्ल बाहेर टाकता येत नाही. मोरीचे पाणी तुंबले म्हणजे घरातले सांडपाणी जसे मागे फिरते, तसा हा प्रकार. तिची शस्त्रे बनेनाशी होतात. ती मरतेच असे नाही, थकून उभी राहते. २०१५ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, गाठीने साखर ओढून घेतल्यामुळे टी-पेशी दुबळ्या होतात, मग गाठ ओळखीची असली तरी तिला आवरता येत नाही.

यापुढची गोष्ट जरा गमतीची. आपल्या शरीरात काही टी-पेशी लढणाऱ्यांना आवर घालण्याचे काम करतात, नाहीतर रक्षक आपल्याच अवयवांवर उठतील. त्यांच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या आवर घालणाऱ्या पेशींना दुग्धाम्लाचे वावडे नाही, त्या गाठीत ते खाऊनही निभावतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे त्या आम्लाच्या डबक्यात लढणारे थकतात आणि लढू नका म्हणणारे धष्टपुष्ट राहतात. कर्कपेशी हे ठरवून करते असे मुळीच नाही, तिला बुद्धी नाही. पण जी गाठ अशा रीतीने वाचली तीच पुढे वाढली, आणि तीच आपल्याला दिसते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि तिने मला माझ्या कागदाची पुन्हा आठवण करून दिली. उंदरांच्या गाठींतील निरनिराळ्या पेशी वेगळ्या करून कोण किती ग्लुकोज ओढते हे मोजले, तेव्हा दरपेशी पाहता सर्वांत जास्त ओढणाऱ्या कर्कपेशी नव्हत्याच! गाठीत शिरलेल्या शरीराच्याच काही पांढऱ्या पेशी होत्या. कर्कपेशींचा ओढा ग्लुटामीन नावाच्या दुसऱ्या अन्नद्रव्याकडे अधिक होता. म्हणजे परातीचे गणित मी आता सांगितले त्याहूनही गुंतागुंतीचे आहे, गाठीगाठीत वेगळे आहे. स्कॅनमध्ये जे उजळते ते सगळे शत्रूच असतात असेही नाही. शंभर वर्षांनी हा हिशेब अजून मांडला जात असताना, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक यादी चिकटवून तो मिटवावयास निघालेला तरुण अध्यापक मला आज फार लहान दिसतो.

मग उपाय काय निघाले? सगळे सांगावयास वेळ नाही, पण दोन गोष्टी आपल्याजवळच्या मुंबईच्या आहेत.

टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. खानोलकरांनी वाहिली, आणि तंबाखू चघळणे व तोंडाचा कर्करोग यांचे नाते अभ्यासले. तो रोग आपल्याकडे अजून ठाण मांडून आहे, गुजरातेत मावा-गुटख्याने तर विशेष. टी-पेशीवर पीडी-१ नावाची एक कळ असते. ती दाबली गेली की पेशी थांबते, आणि पुष्कळ गाठी ती दाबून धरतात. ही कळ शोधणारे जपानचे होंजो आणि अशीच दुसरी कळ अभ्यासणारे अमेरिकेचे ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. कळ झाकणारी औषधे आली, पण किंमत अशी की मध्यम घराने नाव घेऊ नये. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांतले निव्होलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देऊन पाहिले. डोके-मानेचा कर्करोग बळावलेले १५१ रुग्ण होते. तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे सर्वांना दिली, निम्म्यांना हे जोडीला. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. बरे झाले असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना या दोन आकड्यांमधले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट कार-टी उपचाराची. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना शत्रू ओळखण्याचे नवे साधन बसवून परत शरीरात सोडतात. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून तयार झालेल्या अशा देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. तो रक्ताच्या व लसीका ग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठी आहे. घट्ट गाठींवर, म्हणजे स्तन, फुप्फुस, आतडे यांच्या कर्करोगांवर, असे उपचार अद्याप तितके चालत नाहीत. कारणे अनेक आहेत, पण आपण आत्ता ज्या डबक्याविषयी बोललो ते त्यांतले एक. रक्तात फिरणाऱ्या शत्रूशी उघड्यावर गाठ पडते, गाठीच्या आत मात्र रक्षक उपाशी आणि आम्लात.

ते डबके उपसण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. सगळे फळाला येतात असे नाही. ट्रिप्टोफॅन नावाच्या अन्नद्रव्याची गाठीतील नासाडी थांबविणारे एक औषध मोठ्या आशेने तपासले गेले आणि २०१८ साली मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरले. उंदरात जमले ते माणसात जमेलच असे नाही, हे आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना दर दहा वर्षांनी नव्याने शिकावे लागते.

आता चिटणिसांच्या दाराशी थांबणाऱ्या त्या नातेवाइकाकडे वळतो. त्याला सांगावे की, गाठीतील साखर चहाच्या डब्यावर अवलंबून नाही. ज्या रक्षकांच्या भरवशावर नवे उपचार उभे आहेत ते रुग्णाच्याच अंगात, त्याच्याच अन्नावर तयार होतात. मधुमेह असेल तर साखर सांभाळावी लागेल, ती मधुमेहासाठी. लठ्ठपणा काही कर्करोगांचा धोका वाढवितो हेही खरे, पण तो रोग होण्यापूर्वीचा विचार झाला. उपचार चालू असलेल्या माणसाचे वजन उतरू लागले तर ती बातमी त्याच दिवशी डॉक्टरांना कळली पाहिजे.

विश्वस्तांनी मला अशा कुटुंबांसाठी आहाराची एक यादी करून द्यावी, अशी सूचना केली होती. ती मी विनयपूर्वक नाकारली. आयुष्यात एक यादी केली, तेवढी पुरे. त्याऐवजी मी असे सुचविले आहे की, निधीतून औषधाच्या बिलाबरोबर आहारतज्ज्ञाच्या भेटीचे शुल्क आणि रुग्णाच्या दूध, अंडी, डाळी यांचा खर्चही द्यावा, आणि अर्जाच्या कागदावर दर महिन्याच्या वजनासाठी एक रकाना असावा. चिटणीस म्हणाले, रकाना उद्याच छापता येईल, खर्चाचे मात्र सभेपुढे ठेवावे लागेल. ते आपण आज दुपारच्या सभेत ठरवावयाचे आहे.

वहिनींचे राहिले. कागद भिंतीवरून निघाला, भात परत आला, राहिलेल्या फेऱ्या उशिरा का होईना पूर्ण झाल्या. त्या वर्षी दसऱ्याला माझ्या आईने घरी चक्का बांधला आणि वहिनींनी वाटीभर श्रीखंड माझ्यासमोर बसून खाल्ले, माझ्याकडे पाहत. पुढे अकरा वर्षे त्या होत्या.

 बाहेर चहा तयार आहे. त्यात साखर घातलेली आहे असे मला सांगण्यात आले आहे. मधुमेहवाल्यांचे थर्मास वेगळे ठेवले आहेत.